हात शाबूत राहावेत म्हणून

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. पत्र लहानसेच होते, परंतु त्यामागे बऱ्याच रात्रींचे जागरण असावे. त्यांचे चिरंजीव एका छोट्या वर्कशॉपमध्ये ड्रिलिंग मशीनवर काम करतात. मध्यंतरी लोखंडाचा कीस उडून डोळ्यात गेला. डॉक्टरांनी तो काढला आणि दृष्टी वाचली. तरीही चिरंजीव गॉगल लावीत नाहीत आणि हातमोजेही घालीत नाहीत. "सांगून सांगून जीभ झिजली, शपथ घालून पाहिली, एक दिवस अन्न वर्ज्य केले. 'आई, काही होत नाही' एवढेच त्याचे उत्तर. आपण स्तंभातून दोन शब्द लिहावेत, कात्रण त्याच्या डब्यात ठेवीन," असे त्या लिहितात.

प्रथम एका बाबतीत चिरंजीवांची बाजू घेणे भाग आहे. ड्रिलिंग मशीनवर हातमोजे न घालणेच योग्य. फिरणाऱ्या यंत्राला मोज्याचे टोक गवसले की ते मोजा गुंडाळून घेते, आणि मोज्याबरोबर आतला हातही जातो. मोजे कापणाऱ्या, भाजणाऱ्या, जाळणाऱ्या वस्तू हाताळताना हवेत. गरगरणाऱ्या दांड्यापाशी नकोत. तेथे कीससुद्धा हाताने न काढता ब्रशने काढावयाचा असतो. म्हणजे आईची माया खरी, परंतु तिच्या दोन सूचनांपैकी एक मुलाने पाळली असती तर अनर्थ झाला असता. त्या भगिनींना उणे दाखविण्यासाठी हे लिहीत नाही. कामगारांच्या सुरक्षिततेविषयी आपल्या समाजात जे बोलले जाते त्याचा बराचसा भाग असाच असतो: काळजीपोटी, मोघम, आणि प्रत्यक्ष कामाच्या जागेपासून दूर उभे राहून दिलेला. 'जपून काम कर', 'लक्ष ठेव', 'घाई करू नकोस' ही वाक्ये दाराशी निरोप देताना ठीक आहेत. त्यांतून हाताने नेमके काय करावयाचे हे मात्र कळत नाही.

गॉगलच्या बाबतीत आईचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो हा, की ज्याला धोका कळतो, ज्याने तो स्वतःच्या डोळ्यावर अनुभवला आहे, असा शहाणासुरता मुलगा तरीही तसाच का वागतो? आणि त्याचे वागणे बदलावयाचे तर कोणी काय करावे? प्रश्न एका घरापुरता नाही. पिथमपूर, मालनपूर, मकरपुरा, नंदेसरी, पाटणचेरू, बेळगावचा उद्यमबाग, गोव्यातील वेर्णा या साऱ्या औद्योगिक वसाहतींत आपली माणसे सकाळी डबा घेऊन जातात, आणि ती गेली तशीच परतावीत एवढीच घरच्यांची अपेक्षा असते.

या विषयाचा पहिला मोठा ग्रंथ अमेरिकेत १९३१ साली निघाला. लेखक हर्बर्ट हाइनरिच हे ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीत काम करीत. विमा कंपनीला अपघाताचे पैसे मोजावे लागतात, म्हणून अपघात का होतात हे जाणण्यात तिला रस. हाइनरिच यांनी सुमारे ७५ हजार अपघातांच्या नोंदी चाळल्या आणि सांगितले की शंभरांपैकी ८८ अपघातांच्या मुळाशी माणसाची धोकादायक कृती असते, १० यंत्राच्या वा जागेच्या दोषाने होतात आणि दोनच खरोखर अटळ असतात. हा '८८'चा आकडा कारखानदारांना फार आवडला. पुढे कित्येक वर्षे तो भाषणांतून आणि भित्तिपत्रकांतून झळकत राहिला, आणि त्याचा सोयीस्कर अर्थ काढला गेला तो असा, की दोष कामगाराचा. परंतु त्या नोंदी कोणी लिहिल्या होत्या हे कोणी फारसे विचारले नाही. त्या प्रामुख्याने विम्याच्या दाव्यांतून आणि कारखानदारांच्या दप्तरांतून आल्या होत्या. ज्याचे बोट तुटले तो इस्पितळात. कागदावर लेखणी चालविणारा दुसराच. 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे दोन शब्द लिहिले की फाइल बंद होते, यंत्राचा गार्ड का काढून ठेवला होता ही चौकशी टळते. स्वतः हाइनरिच यंत्रांना संरक्षक आवरणे असावीत या मताचेच होते. त्यांच्या नावाने बोलणाऱ्यांना मात्र तेवढा भाग आठवत नाही.

त्याच ग्रंथातील दुसरे निरीक्षण मला अधिक मोलाचे वाटते. एकाच प्रकारचे ३३० प्रसंग घडले, तर ३०० वेळा कोणालाही इजा होत नाही, २९ वेळा किरकोळ दुखापत होते आणि एकदाच गंभीर, असे त्यांनी मांडले. हे प्रमाण प्रत्येक धंद्यात तंतोतंत असेच असेल असे नव्हे. आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु त्यातला आशय कोणत्याही वर्कशॉपमध्ये पाहावयास मिळतो. गॉगल न लावता भोक पाडले आणि काही झाले नाही. दुसऱ्या दिवशीही झाले नाही. महिनाभर झाले नाही. 'आई, काही होत नाही' हा त्या मुलाचा उद्धटपणा नसून त्याने अनुभवातून काढलेला निष्कर्ष आहे! अनुभव हा मोठा गुरू असे आपण म्हणतो, पण येथे तो गुरूच चुकीचे शिकवितो, तेही दिवसाला शंभर वेळा.

आता उलट बाजू पाहा. गॉगल लावल्याने त्याला काय मिळते? वैशाख महिना, पत्र्याचे छप्पर, घाम. काच दोन मिनिटांत धुकटते. ती पुसण्यासाठी मशीन थांबवावे लागते, आणि मजुरी नगावर असेल तर थांबणे म्हणजे पैसे जाणे. त्यातून त्याला मुळात चष्मा असेल, तर चष्म्यावर बसणारा गॉगल वर्कशॉपमध्ये बहुधा नसतोच. जो असतो तो दोन्ही कानशिलांवर रुततो. शेजारचा जुना कारागीर हसून म्हणतो, "काय राव, हिरो झालास का?" आणि फोरमनसाहेब गॉगल असो वा नसो, येऊन एवढेच विचारतात, "किती नग झाले?" म्हणजे सुरक्षित वागण्याचे फळ लगोलग, निश्चित आणि त्रासाचे, तर बेफिकिरीचे फळही लगोलग, निश्चित आणि सोयीचे. डोळा जाण्याचे भय खरे, पण ते लांबचे आणि 'कदाचित'चे. माणसाचा स्वभाव असा की उद्याच्या कदाचितपेक्षा आजचे नक्की त्याला नेहमीच जड वाटते. गोड खाऊ नका असे डॉक्टरांनी बजावलेले गृहस्थ श्रीखंडाच्या वाटीपुढे काय करतात हे आपण घरोघरी पाहतोच.

हा हिशेब ध्यानात घेतला म्हणजे वागणूक बदलण्याची किल्ली सापडते. उपदेश वाढवून उपयोग नाही; वागण्याला मिळणारे तत्काळ फळ बदलावयास हवे. गॉगल धुके न धरणाऱ्या काचेचा असावा, चष्मा असल्यास त्याच नंबराच्या काचांचा असावा, तो मशीनपाशीच टांगलेला असावा; आणि फोरमनने 'किती नग' विचारण्याआधी गॉगलकडे पाहावे.

ही केवळ तर्कटाची गोष्ट नाही. अमेरिकेतील एका मोठ्या घाऊक बेकरीत ज्युडिथ कोमाकी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९७८ साली प्रसिद्ध झाला. बेकरी म्हटल्यावर आपल्यापुढे खारी आणि बटर येतात. तेथे मात्र पट्ट्यावरून धावणारी पात्रे, साखळीने उचलली जाणारी कणकेची अवजड भांडी आणि निसरडी जमीन असा सारा मामला होता. या मंडळींनी प्रथम मागील अपघातांच्या नोंदी वाचल्या आणि त्यांवरून योग्य कृतींची यादी केली. यादीत 'काळजी घ्या' असा एकही शब्द नव्हता. पट्ट्यावरून पात्रे उचलताना एका वेळी दोनपेक्षा अधिक उचलू नयेत, भांडे वरखाली करताना साखळीवरचा हात सुटू देऊ नये, अशा कृती होत्या. तिऱ्हाइताने पाहिले तर 'केली' किंवा 'नाही केली' एवढेच सांगता यावे, वादाला जागा राहू नये.

मग निरीक्षक गुपचूप टिपत राहिले. दोन विभागांपैकी एकात ७० टक्के आणि दुसऱ्यात ७७.६ टक्के कामे योग्य रीतीने होत होती. त्यानंतर कामगारांना चित्रे दाखवून योग्य व अयोग्य कृती समजावून दिल्या आणि त्यांची टक्केवारी त्यांच्याच भिंतीवर, सर्वांना दिसेल असा आलेख काढून लावली. पुढील प्रत्येक पाहणीनंतर आलेखात नवा ठिपका पडे. पर्यवेक्षकांना सांगितले होते की कोणी योग्य रीतीने काम करताना दिसला, तर त्याला तेथल्या तेथे तसे बोलून दाखवा. यापलीकडे काहीही नाही. ना बक्षीस, ना दंड. टक्केवारी ९५.८ आणि ९९.३ वर गेली.

खरा धडा मात्र पुढेच आहे. प्रयोगकर्त्यांनी आलेख मुद्दाम थांबविला. भिंतीवर नवा ठिपका पडेना, कोणी काही बोलेना. माणसे तीच, यंत्रे तीच, मिळालेले शिक्षणही तेच. तरी टक्केवारी खाली घसरून ७०.८ आणि ७२.३ वर आली. म्हणजे एका विभागात पूर्वपदावर आणि दुसऱ्यात पूर्वीपेक्षाही खाली! ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या १९६६ मधील स्थापनेच्या दिवशी, कारखान्या-कारखान्यांतून सुरक्षेची शपथ घेतली जाते, सप्ताह साजरा होतो, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. त्या सोहळ्याला माझी हरकत नाही. परंतु सप्ताह संपल्यावर उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांत त्याच वागण्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, तर काय होणार हे त्या बेकरीने दाखवून ठेवले आहे. शिकविले म्हणजे झाले, ही समजूत शाळेत जेवढी खोटी तेवढीच कारखान्यातही.

सवय लावण्याची आणखी एक रीत जपानी रेल्वेत आहे, आणि ती प्रथम पाहणाऱ्याला हसू येते. इंजिनचालक एकटाच बसलेला असतो. सिग्नल दिसला की तो पांढरा हातमोजा घातलेला हात पुढे करतो, बोट सिग्नलवर रोखतो आणि मोठ्याने म्हणतो, "सिग्नल, हिरवा!" ऐकणारे कोणी नसते. वेगाचा काटा पाहतानाही बोट आणि शब्द. दार बंद करतानाही बोट आणि शब्द. या रीतीचा उगम विसाव्या शतकाच्या आरंभी कोबे येथे झाला असे मानतात. दृष्टी मंदावू लागलेला एक वाफेच्या इंजिनाचा चालक सिग्नल मोठ्याने उच्चारून आपल्या सोबत्याकडून खात्री करून घेई, त्यातून हा प्रघात पडला, अशी कथा सांगतात.

कथा कशीही असो, रीतीची परीक्षा झालेली आहे. जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ साली एका साध्या कामात लोकांच्या चुका मोजल्या. नुसते पाहून काम करणाऱ्यांकडून शंभर कृतींत २.३८ चुका झाल्या. बोट दाखविणे आणि उच्चारणे दोन्ही करणाऱ्यांकडून ०.३८. नुसते बोट किंवा नुसता उच्चार यांचा लाभ मधला. कारण उघड आहे. सरावाचे काम हात आपोआप करतात आणि मन भलतीकडे हिंडत असते. बोट, डोळा, जीभ आणि कान ही चारही एका जागी बांधली म्हणजे मनालाही तेथे हजर राहावे लागते. आपल्या संध्येतील न्यास ज्यांनी लहानपणी केला असेल त्यांना हे नवे वाटू नये. मंत्र उच्चारीत त्या त्या अंगाला स्पर्श करावयाचा, तोच प्रकार. पाढेदेखील गुरुजी मनात म्हणू देत नसत.

भारतीय रेल्वेतही लोको पायलट आणि सहायक सिग्नल दिसताच एकमेकांना त्याचा रंग मोठ्याने सांगतात. वाफेच्या इंजिनांच्या दिवसांत ड्रायव्हर आणि फायरमन हेच करीत. वाचकांच्या कुटुंबांतून रेल्वेत नोकरी केलेली मंडळी पुष्कळ असतील, त्यांना हे ठाऊकच आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने जपान्यांचे पाहून १९९६ पासून ही रीत उचलली. गाडी फलाटाच्या मध्याला थांबली की गार्डने समोरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फळीकडे बोट दाखवावयाचे आणि मगच दारे उघडावयाची. हसणारे तेथेही होते. वर्कशॉपमध्ये 'काय राव, हिरो झालास का?' म्हणणाऱ्याचा विचार येथे करावयास हवा. एकट्याने बोट दाखविले तर तो विदूषक ठरतो. सर्वांनी दाखविले, आणि साहेबांनी सर्वांच्या आधी दाखविले, तर तीच तेथली चाल होते आणि न दाखविणारा वेगळा दिसतो.

साहेबांचा उल्लेख सहज आलेला नाही. १९८७ साली अल्कोआ या ॲल्युमिनियमच्या प्रचंड कंपनीची सूत्रे पॉल ओनील यांच्या हाती आली. भागधारकांच्या पहिल्याच सभेत नफ्याऐवजी ते कामगारांच्या सुरक्षिततेवर बोलले. सभेतले काही जण चक्रावले. हा गृहस्थ कंपनी बुडविणार असे त्यांना वाटले. ओनील यांनी नियम केला की कोठेही कोणाला इजा झाली तर त्या विभागाच्या प्रमुखाने २४ तासांत स्वतः त्यांना कळवावे, आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार हेही सांगावे. आता २४ तासांत वर कळवावयाचे तर खालच्याने त्याच्याही आधी सांगावयास हवे, आणि खालच्याने सांगावे असे वाटत असेल तर सांगणाऱ्याला धाक वाटता कामा नये. एका नियमाने सबंध उतरंड हलली. कामाचे दिवस बुडविणाऱ्या दुखापतींचे प्रमाण शंभर कामगारांमागे वर्षाला १.८६ होते, ते २००० साली ओनील निवृत्त होईपर्यंत ०.२ वर आले. कंपनीही बुडाली नाही. भट्टीवर उभे राहणाऱ्यांच्या वागण्यातील बदल असा वरच्या खोलीतून निघाला होता.

याच्या अगदी उलट चाल आपल्याकडील अनेक फाटकांवर दिसते. 'अपघाताविना आजचा अमुकावा दिवस' अशी पाटी असते आणि ठरावीक दिवस निर्वेध गेले की प्रत्येकाला भेटवस्तू. बहुधा प्रेशर कुकर किंवा स्टीलचा डबा. हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण एकोणनव्वदाव्या दिवशी ज्याचे बोट चेंगरले, त्याने काय करावे? त्याने तोंड उघडले तर पाटीवर पुन्हा शून्य, आणि सबंध विभागाचे कुकर त्याच्यामुळे गेले. तो रुमाल गुंडाळतो आणि घरी येऊन सांगतो की दारात सापडले. अपघात कमी झालेले नसतात. अपघातांची वार्ता कमी झालेली असते. आणि जो अपघात कोणाला कळलाच नाही, त्यापासून शिकणार कोण?

वस्तुतः बोट चेंगरण्याच्याही आधीचे प्रसंग सांगितले जावेत. जपानी लोकांत त्यांना 'हियारी-हात्तो' असे नाव आहे. काळजात चर्र होणे आणि दचकणे या दोन्हींचा मेळ त्यात आहे. आपण अशा वेळी 'थोडक्यात निभावले' म्हणतो, देवाला नमस्कार करतो आणि विसरून जातो. हाइनरिच यांचे ३०० प्रसंग ते हेच. शिडी घसरली पण पडली नाही, जॉब उसळला पण खांद्यावरून गेला, वायर चटका देऊन सुटली, हे जर रोज पाळी सुटताना पाच मिनिटे एकमेकांना सांगितले गेले आणि वहीत टिपले गेले, तर पुढच्या एकाची चाहूल त्यातून लागते. अट एकच. सांगणाऱ्याला त्याबद्दल बोल लागता कामा नये, आणि त्याने सांगितलेली शिडी आठवड्याच्या आत बदललेली दिसावी. दोनतीनदा सांगून काही हालले नाही की चौथ्यांदा कोणी सांगत नाही.

एवढे लिहिल्यावर एका गोष्टीचा इशारा द्यावयास हवा, अन्यथा हा लेख कारखानदारांना फार रुचेल. वागणूक सुधारणे हा सुरक्षिततेचा पहिला उपाय नव्हे. प्रथम धोकाच काढून टाकावा. तो निघत नसेल तर त्याच्यात आणि माणसात भिंत, जाळी, गार्ड घालावा. वागणुकीची पाळी त्यानंतरची, आणि गॉगल-हातमोजे तर सर्वांत शेवटचे. पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसचे पाहा. जोवर दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबीत नाही तोवर प्रेस खाली येऊ नये, अशी रचना करता येते. मग बोट आत राहणे शक्यच नसते. मात्र नगांची घाई असली की एक बटण दोरीने वा फळकुटाने दाबून ठेवतात आणि एका हाताने काम सुरू होते. हे कामगाराचे वागणे, हे खरे. पण नगांचा कोटा ठरविणारा कोण, आणि बांधलेले बटण रोज पाहून पुढे जाणारा कोण? 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत बोटे गमावलेल्या कामगारांविषयी अहवाल काढीत आली आहे. हरियाणातील गुरगाव, मानेसर, फरिदाबाद या पट्ट्यात पॉवर प्रेस हेच त्या जखमांचे मोठे कारण असल्याचे त्यांत दिसते. बोटे गमावणारे बहुतेक परप्रांतातून पोटासाठी आलेले तरुण आहेत.

शेतीवरही तेच. गव्हाच्या मळणीयंत्राने किती जणांचे हात खाल्ले हे माळव्यातील घरांना सांगावयास नको. रात्री उशिरापर्यंत चालणारी मळणी, थकलेला गडी, सैल बाही, सारे खरे. पण पेंढ्या सारावयाचे तोंड आखूड आणि उघडे असेल, तर एक डुलकी पुरते. तेच तोंड पुरेसे लांब करून त्याचा पुढचा भाग झाकला, तर हात दात्यांपर्यंत पोहोचतच नाही. सरकारने १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयी खास कायदा केला तो या मळणीयंत्रांसाठीच. तेथे गड्याला शहाणपण शिकविण्यापेक्षा तोंडावर पत्र्याचे आवरण ठोकणे अधिक पुण्याचे.

आणि भोपाळ. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या मधल्या त्या रात्री विषारी वायू बाहेर पडला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिन्यांपासून बंद होती, निसटता वायू जाळून टाकणारा मनोरा नादुरुस्त होता आणि वायू शोषून घेणारे यंत्र सज्ज अवस्थेत नव्हते. कंपनीने पुढे एका कामगाराने मुद्दाम घातपात केल्याचा दावा केला. परंतु एका माणसाच्या एका कृतीने हजारोंचा जीव जावा अशा अवस्थेत कारखाना ठेवणे, हीदेखील वागणूकच होय, आणि ती पाळीवरच्या कामगाराची नव्हती.

राहता राहिले घर. कारखान्याच्या फाटकाच्या आत घरच्यांचा हात पोहोचत नाही, हे खरे आहे. पण फाटकापर्यंत पुष्कळ काही त्यांच्याच हाती असते. बोटातली अंगठी घ्या. लग्नातली, नवग्रहांची, सासऱ्यांनी घातलेली. कोणतीही असो, यंत्रावर काम करणाऱ्याच्या बोटात ती नको. ती कशात अडकली तर बोटावरची कातडी मोज्यासारखी सोलून काढते. गळ्यातली साखळी, मनगटावरचा गंडा, लोंबती बाही, स्त्री कामगारांच्या ओढण्या आणि मोकळ्या वेण्या यांचेही तेच. देवघरात एक वाटी ठेवावी आणि कामावर जाताना अंगठी-गंडा तीत उतरवून ठेवण्याची चाल पाडावी. ग्रहांचा कोप होईल अशी शंका आजीबाईंना येत असेल, तर आठ तास अंगठी देवापाशीच आहे हे त्यांना सांगता येते.

दुसरे मोबाइलचे. मशीनवर उभ्या माणसाचा फोन वाजला की क्षणभर त्याचे डोळे खिशाकडे जातात. भाजी काय आणू, गॅसवाला आला का, पाहुणे कधी येणार, या गोष्टी जेवणाच्या सुटीपर्यंत थांबू शकतात. वर्कशॉपच्या कचेरीचा नंबर घरी लिहून ठेवावा आणि खरी निकड असेल तर तेथेच फोन करावा.

तिसरी गोष्ट झोपेची, आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी आलेल्या माणसाला आपण चहा देतो, आणि नऊ वाजता कुकरची शिटी, दहाला दूरदर्शन संच, अकराला "जरा बँकेत जाऊन येता का, नाहीतरी घरीच आहात." पुन्हा रात्री दहाला तो यंत्रापुढे उभा. थकलेल्या माणसाला नियम ठाऊक असतात, हात मात्र उशिरा हलतो. रात्रपाळीच्या आठवड्यात घरातील एका खोलीला जाड पडदा लावावा, दारावरची घंटा काढून ठेवावी, मुलांना शेजारच्या काकूंकडे अभ्यासाला बसवावे आणि बँकेचे काम दुसऱ्या कोणी करावे. सलग सहा-सात तासांची झोप त्या पडद्याआड मिळाली, तर रात्री प्रेसवर उभे राहताना तो पुरता जागा असेल.